जुन्या मोटारीत नवा बिनतारी स्वर

व्यापारी कुटुंबात मोटारीला घरच्या माणसाचे स्थान असते. पहाटे बाजार समितीतील सौद्याला, दुपारी वसुलीला, सायंकाळी मंदिरात दर्शनाला आणि सुटीच्या दिवशी लेकीच्या सासरी अशी तिची वर्षानुवर्षे फेरी चालू असते. म्हणूनच इंजिन निरोगी असेल, तर केवळ नवे मॉडेल आले म्हणून जुनी मोटार विकण्याचा मोह पुष्कळ घरांना होत नाही. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेली मारुती ८०० ही अशा घरांची लाडकी मोटार. तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले, तरी तालुक्याच्या गावी ती अद्याप दिसते. कंपनीकडून अशी मोटार आली की स्थानिक बाजारातून कॅसेटचा संच आणून तो डॅशबोर्डमध्ये बसवून घेण्याचा त्या काळी प्रघातच होता.

आज त्याच संचापाशी घरातील दोन पिढ्यांचे मतभेद होतात. मुलाच्या खिशातील मोबाइलमध्ये हजारो गीते आणि प्रवचने आहेत. परंतु ती मोटारीतील ध्वनिवर्धकांतून ऐकता येत नाहीत. मुलगा म्हणतो, "अण्णा, हा जुना डबा काढून टाकू या, नवा स्क्रीनवाला बसवू." वडील कप्प्यातील कॅसेटींकडे पाहतात आणि म्हणतात, "डबा काढशील रे, पण आजोबांचा आवाज मग कशावर ऐकायचा?" कौटुंबिक समारंभात, एखाद्या दुपारी अंगणात सहज ध्वनिमुद्रित केलेला आजोबांचा आवाज कधीकधी अशा एकाच कॅसेटमध्ये उरलेला असतो. अशा वेळी पाच-दहा हजारांच्या खरेदीपुरता हा प्रश्न राहत नाही. सुदैवाने जुना संच जागेवर ठेवूनही त्यात बिनतारी ध्वनी आणण्याचे अनेक मार्ग आहेत. त्यांची पारख नीट झाली, तर दोन्ही पिढ्यांचे समाधान होऊ शकते.

ब्लूटूथ म्हणजे काय?

मोबाइलमधून तारेवाचून ध्वनी पाठविण्याच्या या तंत्राला ब्लूटूथ म्हणतात. दहाव्या शतकात डेन्मार्कवर राज्य करणाऱ्या हाराल्ड ब्लूटूथ या राजाचे नाव त्याला दिलेले आहे. स्वीडनच्या एरिक्सन कंपनीत १९९४ साली या कामाला आरंभ झाला आणि १९९८ मध्ये एरिक्सन, नोकिया, आयबीएम, इंटेल व तोशिबा या पाच कंपन्यांनी एकत्र येऊन त्याचे समान नियम ठरविण्यासाठी संघ स्थापन केला. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर हे संदेशवहन चालते. इतर उपकरणांच्या गोंगाटातून वाट काढण्यासाठी ध्वनी पाठविणारे ब्लूटूथ आपली वाहिनी सेकंदाला १,६०० वेळा बदलू शकते. मोटारीच्या आतील अंतर त्याला मुळीच जड नाही.

खरेदीपूर्वी एक भेद ध्यानात घ्यावा. संगीत ऐकविण्याची सोय आणि दूरध्वनीवर बोलण्याची सोय या ब्लूटूथच्या दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. स्वस्त उपकरणात पुष्कळदा केवळ पहिली असते. फोनवर बोलायचे असेल, तर उपकरणात मायक्रोफोन आहे की नाही हे दुकानातच तपासावे.

चार मार्ग आणि त्यांचे गुणदोष

पहिला मार्ग एफएम प्रक्षेपकाचा. सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये बसणारे हे लहानसे साधन मोबाइलमधून ध्वनी घेते आणि एफएमच्या एखाद्या रिकाम्या जागेवर अत्यल्प शक्तीने प्रक्षेपित करते; मोटारीतील रेडिओ त्याच जागी लावायचा. काही शे रुपयांत काम होते आणि एकही स्क्रू उघडावा लागत नाही. मात्र भारतात एफएमचा पट्टा ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा आहे आणि मुंबई-पुण्यात त्यातील बऱ्याच जागा भरलेल्या असतात. सांगलीत मोकळी सापडलेली जागा पुण्याजवळ येताच एखाद्या केंद्राच्या आवाजाने व्यापली जाते आणि चालकाला धावत्या गाडीत बटणांशी झटापट करावी लागते. ध्वनीही थोडा सपाट येतो. गावातल्या गावात फिरणाऱ्या मोटारीला हा उपाय पुरेसा आहे. लांबच्या प्रवासाला तो त्रासदायक ठरतो.

दुसरा मार्ग कॅसेटच्या आकाराच्या अनुकूलकाचा. कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली आणली. तिच्या फितीवर चुंबकीय रूपात ध्वनी साठविलेला असतो आणि संचातील हेड तो वाचते. अनुकूलकात फीतच नसते. तिच्या जागी एक छोटे हेड असते. ते संचाच्या हेडसमोर येऊन बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करते आणि संचाला फीत वाजत असल्याचा भास होतो. ब्लूटूथच्या प्रकारात त्याच कवचात बॅटरीही असते. रेडिओपेक्षा ध्वनी स्वच्छ येतो आणि परगावी गेल्यावर जागा शोधावी लागत नाही. मात्र आपोआप बाजू बदलणारे काही संच या नकली कॅसेटला स्वीकारत नाहीत. ते सारखी बाजू बदलतात किंवा तिला बाहेर ढकलतात. उन्हात तापलेल्या मोटारीत बॅटरी असलेला अनुकूलक ठेवून जाऊ नये.

तिसरा मार्ग ऑक्स या प्रवेशाचा. संचाच्या दर्शनी भागावर ३.५ मिलिमीटरचे गोल छिद्र असेल, तर त्यात एक छोटा ब्लूटूथ ग्राहक जोडता येतो. ॲपलने २०१६ साली आयफोन ७ मधून हेडफोनचे छिद्र काढले आणि पुढे अनेक कंपन्यांनी तेच केले. त्यामुळे पूर्वीची साधी तार निरुपयोगी झाली, तरी संचातील प्रवेश आजही कामाचा आहे. ध्वनीच्या दृष्टीने हा मार्ग पहिल्या दोहोंपेक्षा सरस आहे. एकच उपद्रव वारंवार आढळतो: इंजिन चालू होताच ध्वनिवर्धकांतून बारीक शिट्टी येते आणि ॲक्सिलरेटर दाबावा तशी ती चढत जाते. ग्राहकाला वीज मोटारीतून मिळते आणि ध्वनीची तारही मोटारीच्याच संचाला जाते. अर्थिंगच्या या दोन वाटांतून अल्टरनेटरचा गोंगाट ध्वनीत शिरतो. ध्वनीच्या तारेत ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची लहान डबी बसविली की ही तक्रार बहुधा थांबते. तिच्यात दोन चिमुकले ट्रान्स्फॉर्मर असतात. ते ध्वनी पुढे जाऊ देतात, परंतु अर्थिंगची वाट तोडतात. मोबाइलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून संचाचा मध्यम ठेवल्यास सळसळही कमी होते.

काही जुन्या संचांच्या पाठीमागे सीडी चेंजरसाठी एक जोड असतो. डिकीत बसणारी ती अनेक तबकड्यांची पेटी आता कोणी वापरत नाही. तथापि त्याच जोडाला लागणारे ब्लूटूथ अनुकूलक मिळतात. ते संचाच्या नेमक्या मॉडेलसाठी असावे लागतात, कारण चेंजर जोडलेला आहे असा संकेत मिळाल्याखेरीज संच तो प्रवेश उघडतच नाही.

चौथा मार्ग संच बदलण्याचा. जुन्या मोटारींतील बहुतेक संचांची खाच सुमारे १८० मिलिमीटर रुंद आणि ५० मिलिमीटर उंच असते. सिंगल डिन नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मापात ब्लूटूथ असलेले नवे संच मिळतात. त्यासाठी डॅशबोर्ड कापण्याचे कारण नाही. ध्वनी, बोलणे आणि मोबाइल चार्ज करणे या तिन्ही सोयी एकत्र मिळतात. रोज दीडशे किलोमीटर फिरणाऱ्या व्यापाऱ्याला हाच मार्ग सोयीचा पडतो.

तारांचे काम: येथे काटकसर नको

संच बदलताना खरे संकट तारांत असते. घाईतला कारागीर मूळ जोड कापतो, तारा पिळतो आणि वर चिकटपट्टी गुंडाळतो. उन्हाळ्यात चिकटपट्टी सुटते, उघडी तार पत्र्याला लागते आणि फ्यूज योग्य नसेल तर धूर निघतो. ज्या मोटारीत घरची मुलेबाळे बसतात, तिच्यात दोन-तीनशे रुपये वाचविण्यासाठी हा धोका पत्करणे शहाणपणाचे नाही. मोटारीच्या मूळ जोडाला लागणारा तयार जोड आणून त्यावरच नवा संच लावावा. मूळ तारा अखंड राहिल्या, तर जुना संच पुन्हा केव्हाही बसविता येतो.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे. काही संचांना सुरक्षेचा सांकेतिक क्रमांक असतो. बॅटरी सुटल्यावर तो दिल्याखेरीज संच बोलत नाही, म्हणून तो आधी हाताशी असावा. नव्या संचांत साधारणपणे पिवळी तार बॅटरीच्या कायम विजेची, लाल तार किल्ली फिरविल्यावर येणाऱ्या विजेची आणि काळी अर्थिंगची असते. जुन्या मोटारीत मात्र रंगांवर विसंबू नये. मीटर लावून खात्री करावी.

आणखी एक गोष्ट अनेक कारागिरांच्याही नजरेतून सुटते. काही जुन्या मोटारींत ध्वनिवर्धकाची एक तार थेट पत्र्याला जोडलेली असते. जुन्या संचाला ते चालत असे. नव्या संचात ध्वनिवर्धकाच्या दोन्ही तारांवर विद्युत्‌दाब असतो; त्यातील एक पत्र्याला लागली, तर संचातील ॲम्प्लिफायर बिघडू शकतो. अशा मोटारीत प्रत्येक ध्वनिवर्धकापर्यंत दोन स्वतंत्र तारा नव्याने ओढून घ्याव्यात.

ब्लूटूथ ग्राहकाला वीज किल्लीवर चालू-बंद होणाऱ्या तारेतूनच द्यावी. ५० मिलिअँपिअर इतकी किरकोळ वीज घेणारे साधन सतत चालू राहिले, तर दहा दिवसांत बॅटरीतील १२ अँपिअर-तास खर्च होतात. ३५ अँपिअर-तासांच्या लहान बॅटरीचा हा तिसऱ्या हिश्शाहून अधिक साठा झाला. कुटुंब यात्रेहून परत येते आणि मोटार चालू होत नाही, यामागे पुष्कळदा असाच लहानसा अपव्यय असतो.

संभाषण, कायदा आणि व्यापाराची मर्यादा

२०१९ साली मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार वाहन चालविताना हातात धरलेल्या संपर्कसाधनाचा वापर धोकादायक चालनात मोडतो. पहिल्या अपराधाला एक हजार ते पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कारावास, अथवा दोन्ही अशी तरतूद आहे. मोटारीतील ब्लूटूथमुळे हात मोकळे राहतात. मन मात्र मोकळे राहतेच असे नाही. भाव तोडण्याचे बोलणे रस्त्यावरची नजर हिरावून घेते. फोन आल्यास दोन शब्दांत "पोहोचल्यावर बोलतो" असे सांगावे, किंवा गाडी बाजूला घ्यावी.

दुसरी मर्यादा पेढीच्या हिताची आहे. मोटार सुरू होताच मोबाइल आपोआप जोडला जातो, आणि त्याच वेळी एखाद्या दलालाचा फोन आला तर खरेदीचा भाव शेजारी बसलेल्या गिऱ्हाइकाच्या कानी स्पष्ट पडतो. कोणी सोबत असेल तेव्हा ब्लूटूथ बंद ठेवण्याची सवय लावावी. नवे संच मोबाइलमधील नावे व क्रमांकही आपल्याकडे उतरवून घेतात. मोटार विकताना किंवा परक्याच्या स्वाधीन करताना ती नोंद पुसून टाकावी. वहीखाते जसे कोणी उघडे टाकत नाही, तसेच हे आहे.

कॅसेटींचे काय?

संच बदलण्याचा निर्णय झाला, तरी त्याआधी कॅसेटींतील ध्वनी संगणकावर उतरवून घ्यावा. कॅसेटच्या मागील काठावरचे दोन छोटे कान आधी मोडावेत, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही मुद्रित होणार नाही. संचाचे हेड स्वच्छ करावे. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्यावी. जुनी फीत आत चिकटलेली असल्यास ती ओढू नये, जाणकाराकडे द्यावी. चांगल्या कॅसेट प्लेअरच्या ध्वनिनिर्गमातून संगणकाच्या ध्वनिप्रवेशात तार जोडून मुद्रण करावे. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठच मिनिटे लागतात. या कामात घाई चालत नाही. सीडीच्या दर्जाने साठविल्यास एका तासाला सुमारे ६०० मेगाबाइट जागा पुरते. त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात आणि मूळ कॅसेटही उन्हापासून व चुंबकापासून दूर जपावी.

एवढे झाले की मतभेदाला जागा उरत नाही. रोज फिरणाऱ्या मोटारीत नवा संच बसवावा आणि जुना संच वेष्टनात गुंडाळून माळ्यावर ठेवावा. क्वचित निघणाऱ्या मोटारीत जुना संच तसाच राहू द्यावा आणि त्याला ब्लूटूथ ग्राहकाची जोड द्यावी. पुढच्या प्रवासात मुलाच्या मोबाइलमधून आजोबांचाच आवाज त्या जुन्या ध्वनिवर्धकांतून येईल, आणि मागच्या आसनावरची नातवंडे विचारतील, "अण्णा, हे कोण बोलत आहेत?" त्यांना काय काय सांगायचे, एवढेच वडिलांनी ठरवायचे.