पडण्याआधी काय करत होतात?

घरातलं म्हातारं माणूस पडलं की आपण आधी विचारतो, "लागलं का?" हाड शाबूत असेल तर "पाय घसरला" एवढ्यावर विषय मिटतो. खरी चौकशी तिथूनच सुरू व्हायला हवी. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी साधारण दर तिसरा माणूस वर्षातून एकदा तरी पडतो, आणि एकदा पडलेला पुन्हा पडण्याचा धोका जास्त असतो. म्हणून पुढचा प्रश्न असा: "पडण्याआधी काय करत होतात?" अंथरुणातून उठत होतात, फळीवरचा डबा काढत होतात, की घाईने लघवीला निघाला होतात? उत्तर बदललं की कारण बदलतं, आणि उपायही.

रात्रीचे तीन वाजलेत असं धरू. आजोबा लघवीला उठले. माणूस आडव्याचा उभा झाला की अर्धा लिटर किंवा त्याहून जास्त रक्त पोटाकडे आणि पायांकडे उतरतं. शरीर रक्तवाहिन्या आवळून, ठोके वाढवून ते सावरून घेतं. वय वाढलं की हे सावरणं मंदावतं. त्यात बीपीची, प्रोस्टेटची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर आणखी. मेंदूला रक्त अपुरं पडतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

हे घरच्या यंत्रावर मोजता येतं. पाच मिनिटं निवांत आडवं पडून बीपी घ्यायचं, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. शेजारी कुणीतरी हात द्यायला असावं. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर सगळे आकडे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. सोबत चालू असलेल्या सगळ्या गोळ्या न्या, न विचारता दुकानातून आणलेल्यासुद्धा. स्वतःच्या मनाने मात्र एकही गोळी बंद करू नका. तोवर आजोबांनी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसून, पाय हलवून मगच उठावं.

आता ते चालू लागले. इथे मांड्यांची ताकद आणि तोल पणाला लागतात. ते जोखण्याची एक सोपी चाचणी आहे. हातांची खुर्ची घ्या, समोर तीन मीटरवर खूण करा. नेहमीच्या चपला घालून, लागत असेल तर काठी घेऊन उठायचं, आपल्या चालीने खुणेपर्यंत जायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर धोका आहे. मी मात्र घड्याळाइतकंच वळण्याकडे बघायला सांगेन. एका वळणासाठी चार-पाच बारीक पावलं पडतात का? भिंतीला हात जातो का? चालताना काही विचारलं तर बोलण्यासाठी थांबावं लागतं का?

मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर जमीन नीट कळत नाही, आणि मोतीबिंदू असेल तर उंबरा दिसत नाही. मग पायांखाली येतं जुन्या साडीचं घडी घातलेलं पायपुसणं. गुळगुळीत फरशीवर ते पायासकट सरकतं. ते आजच उचला. पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा ठेवा. न्हाणीघरात तोल गेला की हात टॉवेलच्या दांडीला किंवा नळाला जातो, आणि ती दांडी माणसाचं वजन पेलत नाही. भिंतीत पक्का बसवलेला धरायचा दांडा हवा, कमोडशेजारी आणि आंघोळीच्या जागी.

पण घर कितीही नीट केलं तरी पायांत जोर नसेल तर भागत नाही. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांनी 1990च्या दशकात ऐंशीच्या पुढच्या बायकांना घरी जाऊन पायांच्या ताकदीचे आणि तोलाचे व्यायाम शिकवले. अशा व्यायामांनी पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटल्याचं पुढे दिसलं. ऐंशीच्या पुढे! "आता या वयात काय" म्हणणाऱ्या प्रत्येक घरात मला हे सांगावंसं वाटतं. ओट्याला धरून टाचा उचलणं, खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, एका पावलापुढे दुसरं पाऊल टेकवून उभं राहणं. फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून घ्यावं आणि आठवड्यातून तीनदा करावं.

पडण्याची भीती बसली की माणूस चालणंच कमी करतो, पाय आणखी लुळे पडतात आणि पुढचं पडणं जवळ येतं. पुष्कळजण "आता मला कोंडून ठेवतील" या धास्तीने पडल्याचं लपवतात. म्हणून विचारताना आवाजात राग नको.

आणि पडल्यावर ओढून उठवू नका. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी दवाखाना गाठा. कुठे तीव्र दुखत नसेल तर कुशीवर वळू द्या, मग हातगुडघ्यांवर येऊ द्या. समोर भक्कम खुर्ची ठेवा. तिच्यावर दोन्ही हात टेकवून, बळकट पाय पुढे घेऊन त्यांना स्वतः उठू द्या, आणि मागे दुसरी खुर्ची तयार ठेवा.