उग्र उजवे पक्ष आणि युरोपविरोध : फ्रान्सचा अनुभव

‘पॉप्युलिझम’ या संज्ञेसाठी मराठीत ‘लोकानुनय’ हा शब्द रूढ झाला आहे. परंतु त्यातून आपल्याकडे कर्जमाफी किंवा मोफत विजेच्या घोषणा सूचित होतात. युरोपच्या संदर्भात अभिप्रेत अर्थ निराळा आहे. समाज हा सच्ची जनता व भ्रष्ट अभिजन यांत विभागलेला आहे, अशी ती मांडणी होय. उग्र उजवे पक्ष तिला परकीयविरोधी राष्ट्रवादाची जोड देतात. युरोपीय संघाचा विरोध या दोहोंना कसा सांधतो, हे प्रस्तुत लेखात फ्रान्सच्या उदाहरणावरून पाहावयाचे आहे.

ज्याँ-मारी ल पेन यांच्या नेतृत्वाखाली १९७२ मध्ये स्थापन झालेला ‘फ्राँ नासिओनाल’ हा पक्ष प्रारंभी युरोपविरोधी नव्हता. शीतयुद्धाच्या काळात साम्यवादाविरुद्ध संघटित युरोप त्यास हवाच होता. मास्ट्रिख्ट कराराने चित्र पालटले. १९९२ च्या सार्वमतात मितराँ, जिस्कार व शिराक हे परस्परांचे प्रतिस्पर्धी कराराच्या बाजूने उभे राहिले. तरीही अनुकूल मते जेमतेम ५१ टक्केच पडली. ‘हे सारे एकच आहेत’ या आरोपास त्यामुळे आयता पुरावा मिळाला. २००५ मध्ये सुमारे ५५ टक्के मतदारांनी युरोपीय राज्यघटनेचा मसुदा फेटाळला. पुढे त्यातील बऱ्याच तरतुदी लिस्बन करारात आल्या आणि २००८ मध्ये त्यास सार्वमताविना, संसदेतूनच मान्यता देण्यात आली. ही प्रक्रिया कायदेशीर होती, परंतु राजकीयदृष्ट्या तिची किंमत फार मोठी ठरली.

मतदार केवळ ब्रुसेल्सवरील रागापोटी या पक्षाकडे वळतात, असे मानणे चुकीचे होईल. मूळ आकर्षण स्थलांतरविरोधाचेच आहे. युरोपविरोध त्यास ‘सार्वभौमत्वा’ची प्रतिष्ठित भाषा पुरवितो आणि विखुरलेल्या गाऱ्हाण्यांना एकच पत्ता देतो. सीमेवरील तपासणी उठली ती शेंगेन करारामुळे, कारखाना गेला तो खुल्या बाजारपेठेमुळे. २०१७ मध्ये अमिएँ येथील व्हर्लपूलचा कारखाना पोलंडला हलविला जाणार असताना मरीन ल पेन ऐन निवडणुकीत त्याच्या फाटकाशी कामगारांत जाऊन उभ्या राहिल्या, त्यामागे हेच गणित होते.

यातील विसंगती अशी की, या पक्षास बळ दिले ते युरोपीय संसदेनेच. प्रमाणशीर प्रतिनिधित्वामुळे १९८४ मध्ये ११ टक्के मतांवर त्यास तेथे १० जागा मिळाल्या. उलट २०१२ मध्ये राष्ट्रीय संसदेच्या निवडणुकीत पहिल्या फेरीत १३.६ टक्के मते मिळवूनही ५७७ पैकी अवघ्या २ जागा पदरी पडल्या.

या अस्त्राला मर्यादाही आहे. २०१७ मध्ये युरो चलन सोडण्याची भूमिका मरीन ल पेन यांना महागात पडली, असे दिसते. बचत करणाऱ्या वृद्ध मतदारांना आपल्या ठेवींची धास्ती वाटली. दुसऱ्या फेरीत त्यांना ३४ टक्केच मते मिळाली. त्यानंतर पक्षाने नाव बदलले व युरो सोडण्याची मागणीही मागे घेतली. आता संघ आतून बदलण्याची भाषा सुरू झाली. २०२४ च्या युरोपीय निवडणुकीत त्याच पक्षाने ३१ टक्के मते घेतली, आणि राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी त्याच रात्री राष्ट्रीय संसद विसर्जित केली.