परके पंगतीला बसले तेव्हा

नाताळ आला की बेथलेहेमच्या गोठ्याची कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु त्या जन्मानंतर सुमारे अर्ध्या शतकाने येशूच्या अनुयायांपुढे जो बिकट प्रश्न उभा राहिला, त्याची आठवण सहसा कोणी काढीत नाही. परक्याला आपल्या पंगतीस घ्यावे काय, हा तो प्रश्न. सोवळेओवळे पाळणाऱ्या घरांतून वाढलेल्या आम्हांस त्यातील अडचण समजावून सांगावी लागत नाही.

येशूचे पहिले अनुयायी सारे यहुदी होते. ते यरुशलेमच्या मंदिरात जात, सुंतेचा विधी आणि खाण्यापिण्याचे निर्बंध निष्ठेने पाळीत. इ. स. पूर्व १६७च्या सुमारास अंतियोख राजाने या आचारांवर बंदी घातली, तेव्हा ते मोडण्यापेक्षा कित्येकांनी मरण पत्करले होते. ज्यासाठी पूर्वजांनी प्राण वेचले, ते परक्यांसाठी सैल कसे करावयाचे?

या प्रश्नाची पहिली उकल यापो बंदरात झाली, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ हा ग्रंथ सांगतो. कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी पेत्र उतरला होता. भर दुपारी गच्चीवर प्रार्थना करीत असता त्यास भूक लागली आणि दृष्टान्त झाला. आकाशातून मोठ्या चादरीसारखे काही खाली आले. तीत सर्व तऱ्हेचे प्राणी होते. ते मारून खाण्याची आज्ञा झाली. निषिद्ध अन्न आपण कधीही सेवन केले नाही, असे पेत्राने सांगितले. तीनदा असेच घडले. अर्थ न उमगून तो विचारात पडला, तोच दाराशी माणसे आली. कैसरियातील कर्नेल्य नामक रोमन शताधिपतीने त्यास बोलाविले होते. कर्नेल्य दानधर्म करणारा, देवभीरू. पण सुंता न झालेला आणि परसत्तेच्या सैन्यातील अंमलदार. पेत्राने त्या निरोप्यांना रात्री ठेवून घेतले, दुसऱ्या दिवशी तो त्यांच्याबरोबर निघाला आणि कर्नेल्याचा उंबरठा ओलांडून आत गेला. कोणाही मनुष्यास अपवित्र मानू नये, हा दृष्टान्ताचा अर्थ त्यास तेथे कळला.

यरुशलेमास परतताच स्वकीयांनी त्यास जाब विचारला. सुंता न झालेल्यांच्या घरी जाऊन तो जेवला, हीच त्यांची तक्रार होती.

पुढे अंत्युखिया नगरीत, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील अंताक्या येथे, यहुदी व परके एकत्र जेवू लागले. ‘ख्रिस्ती’ हे नाव या मंडळीस प्रथम तेथेच मिळाले. परंतु यहुदियातून आलेल्या काहींनी आग्रह धरला, की सुंतेवाचून तारण नाही. वाद विकोपास गेला. तेव्हा पौल व बर्णबा यरुशलेमास गेले आणि इ. स. ४९च्या सुमारास तेथे विचारविनिमय झाला. येशूचा बंधू याकोब याने दिलेला निर्णय मान्य झाला : परक्यांवर सुंतेचे ओझे लादू नये, त्यांनी मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गुदमरून मेलेल्या प्राण्यांचे मांस आणि व्यभिचार एवढे वर्ज्य करावे. दोन्ही पक्षांस एका ठिकाणी बसता यावे, अशी ही तडजोड होती.

तरीही मन एवढ्याने वळत नाही. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात अंत्युखियातील एक प्रसंग आहे. पेत्र तेथे परक्यांबरोबर जेवीत असे; परंतु याकोबाकडून काही माणसे येताच तो पंगतीतून दूर झाला. त्याचे पाहून बर्णबाही दूर झाला. पौलाने सर्वांसमक्ष पेत्राची कानउघाडणी केली. पेत्राने काय उत्तर दिले, हे पत्रात नाही.

आम्हांस या कथेत हाच प्रसंग सर्वांत खरा वाटतो. ज्यास साक्षात दृष्टान्त झाला, त्यासही आपल्या माणसांची भीड पडली. आपल्याकडे नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या, तरी आपले सोवळे त्यांनी काही काळ सांभाळलेच, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्यांस ठाऊक आहे. निर्णय सभेत होतो. पण शेजारचे पान परक्यासाठी मांडताना ज्याचा त्याचा हात अडखळतो. अंत्युखियातील त्या मंडळींचे हात अडखळले, तरी पाने मांडली गेली. सणाच्या दिवशी पंगत मांडणाऱ्या प्रत्येक घराने ही गोष्ट स्मरावी, असे आम्हांस वाटते.