नोटीसवही आणि संगणकांचे जाळे



शाळेची नोटीसवही आपणां सर्वांच्या स्मरणात असेल. मुख्याध्यापकांच्या कार्यालयातून निघालेली सूचना शिपाई वर्गावर्गांत नेई. शिक्षक ती वाचून दाखवीत आणि खाली स्वाक्षरी करीत. वही परत आली, की कोणता वर्ग राहिला हे स्वाक्षऱ्यांवरून कळे. व्यापारी संस्थेतील शेकडो संगणकांवर नवे सॉफ्टवेअर, म्हणजे आज्ञावली, आपोआप पोहोचवण्याची व्यवस्था तत्त्वतः अशीच आहे.

कोणत्या संगणकावर कोणत्या आवृत्तीची आज्ञावली असावी, याची यादी मध्यवर्ती संगणकावर असते. प्रत्येक संगणकावरील एक छोटी साहाय्यक आज्ञावली ठरावीक वेळाने ती यादी पाहते, आपल्याकडे काय आहे ते ताडते आणि जे उणे असेल ते मागवून घेते. आलेली वस्तू अधिकृत ठिकाणाहूनच आली आहे, याची डिजिटल स्वाक्षरीवरून खात्री झाली की ती बसवते आणि निकाल वर कळवते. हीच तिची वहीवरील सही.

हे काम हातानेच केले तर काय बिघडते? 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार कंपनीला त्याचे उत्तर मिळाले. नवी आज्ञावली आठ संगणकांवर चढवायची होती. तंत्रज्ञाकडून एक राहून गेला. दुसऱ्या कोणी पडताळणी केली नाही. त्या आठव्या संगणकावर 2003 पासून वापरात नसलेला जुना भाग जागा झाला आणि सुमारे 45 मिनिटांत 40 लाख व्यवहार होऊन बसले. घाईत उपाय म्हणून उरलेल्या सात संगणकांवरील नवी आज्ञावली काढण्यात आली. त्यामुळे दोष तेथेही पसरला. नुकसान 46 कोटी डॉलरांहून अधिक झाले.

मग सारे यंत्रावर सोपवावे काय? 19 जुलै 2024 ची सकाळ आठवावी. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीची एक सदोष फाइल भारतीय वेळेनुसार 9 वाजून 39 मिनिटांनी जगभर सुटली. 78 मिनिटांत ती मागे घेतली गेली. पण तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, सुमारे 85 लाख विंडोज संगणक कोलमडले होते. आपल्या हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास आले. बंद पडलेल्या संगणकाला दुरुस्तीची सूचना ऐकू येईना. असंख्य ठिकाणी माणसाने यंत्रापाशी जाऊनच ती फाइल काढावी लागली.

पहिल्या प्रसंगी सूचना एका वर्गात पोहोचली नाही. दुसऱ्या प्रसंगी चुकीची सूचना सर्व वर्गांत एकदमच पोहोचली. यंत्र विसरत नाही, पण ते शंकाही घेत नाही. म्हणून जाणते व्यवस्थापक वितरणाच्या पायऱ्या पाडतात: आधी मोजके संगणक, मग एखादा विभाग, मग सारी संस्था. प्रत्येक पायरीवर थांबून निकाल पाहतात, बिघाड दिसताच वितरण आपोआप थांबावे अशी योजना करतात आणि मागील आवृत्ती जपून ठेवतात. अशा फाइली टप्प्याटप्प्याने सोडण्याचे क्राउडस्ट्राइकनेही त्या घटनेनंतर जाहीर केले.

तथापि सावधगिरी म्हणजे दिरंगाई नव्हे. मायक्रोसॉफ्टने 14 मार्च 2017 रोजी दिलेली दुरुस्ती ज्यांनी बसवली नव्हती, अशा असंख्य संगणकांना 12 मे रोजी वॉनाक्राय या खंडणीखोर आज्ञावलीने गाठले. पायऱ्या असाव्यात, त्या चढण्यात महिने जाऊ नयेत.

स्वयंचलन माणसाचे श्रम हलके करते, उत्तरदायित्व नव्हे. सूचना काढण्यापूर्वी मुख्याध्यापक ती पुन्हा एकदा वाचीत आणि वही परत आल्यावर स्वाक्षऱ्या मोजीत. संगणकांच्या जाळ्यातही या दोन जागी जाणत्या माणसाची नजर हवीच.