समजून घ्या : आधी काय, नंतर काय? वर्गात ‘क्रम’ कसा शिकवायचा?

५ + ५ × २ किती? अनेक मुले २० लिहितात. बेरीज बरोबर, गुणाकारही बरोबर. तरी उत्तर चूक, कारण ते १५ आहे. चुकला तो क्रम. ‘कंचेभागुबेव’ पाठ करण्याआधी क्रमाची सवय लागावी लागते. ती सगळ्याच विषयांत लावता येते, तीही कागद आणि दोरीवर.

भाषा : गोष्टीतली वाक्ये पट्ट्यांवर लिहून मिसळा. मुले ती लावताना ‘आधी’, ‘मग’, ‘शेवटी’ हे शब्द आपोआप वापरतात.

विज्ञान : अंडी, अळी, कोष, फुलपाखरू ही चित्रकार्डे ओळीत नको, गोलात मांडा. फुलपाखरू पुन्हा अंडी घालते, म्हणूनच ते चक्र.

इतिहास : १० वर्षांना १० सेंटिमीटर धरून दोरीवर चिमट्यांनी कार्डे लावा. १८५७ ते १९४७ हे अंतर ९० सेंटिमीटर, १९४७ ते १९६० फक्त १३. सनावळीत न जाणवणारा काळ डोळ्यांना दिसतो.

गणित : २, ४, ८ नंतर काय? दुप्पट केल्यास १६, फरक २, ४, ६ असा वाढवल्यास १४. म्हणून उत्तरासोबत नियमही विचारा.

शिक्षकांनी काय टाळावे?
वेगळा क्रम दिसताच ‘चूक’ म्हणू नये. ‘हे आधी का?’ असे विचारावे. मुलाला कारण सांगता आले, तर क्रम समजला. नाहीतर तो नुसता पाठ झाला.