जिथे सगळ्या चिठ्ठ्या भेटतात

थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी घेतली आणि पाठोपाठ हाडांसाठी दिलेली कॅल्शियमची, तर काय होतं? कॅल्शियम थायरॉइडच्या औषधाला पोटातच बांधून ठेवतं, रक्तापर्यंत नीट पोहोचू देत नाही. दोन्ही डॉक्टरांचं निदान अचूक, दोन्ही गोळ्या योग्य, तरी एक बरीचशी वाया जाते! उपाय किती सोपा: दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर.

पण हे सांगणार कोण? थायरॉइडच्या डॉक्टरांना हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिसलेली नसते. या दोन चिठ्ठ्या एकमेकींना भेटतात त्या मेडिकलच्या काउंटरवर. म्हणून फार्मासिस्टची जागा विलक्षण आहे. एका माणसाची सगळी औषधं एकत्र पाहण्याची संधी अनेकदा त्यालाच मिळते.

त्याला काय काय दिसू शकतं! तापाची गोळी, सर्दीची गोळी, अंगदुखीची गोळी: नावं तीन, पण तिन्हींत पॅरासिटामॉल. निरोगी प्रौढासाठी दिवसाची कमाल मर्यादा 4 ग्रॅम, म्हणजे 500 मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. यकृतात या औषधाच्या थोड्या भागाचं विष बनतं आणि ग्लुटाथायोन नावाचं द्रव्य ते लगेच निकामी करतं. मात्रा फार वाढली की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि तेच विष यकृताच्या पेशी मारू लागतं. मेथोट्रेक्सेटची गोष्ट आणखी थरारक. संधिवातासाठी ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं, तर अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होणं थांबू शकतं, जीवही जाऊ शकतो. ‘कोणत्या वारी घेता?’ एवढा एक प्रश्न माणूस वाचवतो.

आता हीच नजर अख्ख्या गावावर फिरवून पाहा. भारतात 2014 पासून ‘शेड्यूल एच-1’ ही औषधांची यादी लागू आहे. त्यातली प्रभावी प्रतिजैविकं, क्षयाची औषधं विकताना रुग्णाचं व डॉक्टरांचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या नोंदवहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची. क्षयरुग्णाची माहिती सरकारला कळवणं 2018 च्या अधिसूचनेनं औषधविक्रेत्यांवरही बंधनकारक केलं. खासगी उपचार घेणारा, सरकारी दप्तरात नसलेला रुग्ण या वहीतून सापडू शकतो, त्याच्या घरच्यांची तपासणी होऊ शकते. साथरोगाशी चाललेल्या लढाईतला हा केवढा मोठा दुवा!

ही नजर जागी ठेवणं आपल्याही हातात आहे. सगळी औषधं शक्यतो एकाच दुकानातून घ्यावीत. वैद्यांचा काढा, स्वतःहून घेतलेलं व्हिटॅमिनही तिथे सांगावं. आणि औषध हातात पडताना विचारावं, ‘फार्मासिस्ट आहेत का?’ चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिलं जावं, असं कायदा सांगतो. फार्मासिस्टचं ज्ञान आपल्या गल्लीच्या तोंडाशी, वेळ न ठरवता, फी न भरता मिळतं. ते हक्कानं मागायला हवं.