सजग स्वप्न आणि निद्रेची गाढता : समज आणि वस्तुस्थिती

स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असे भान ज्यात येते आणि तरीही झोप मोडत नाही, त्या विलक्षण अवस्थेला सजग स्वप्न किंवा ल्युसिड ड्रीम म्हणतात. फ्रेडरिक व्हॅन एडन या डच वैद्याने आणि साहित्यिकाने १९१३ साली आपल्या स्वप्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे नाव रूढ झाले. पन्नास वर्षांतील संशोधनाची जी एकत्रित छाननी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तिच्यानुसार सुमारे ५५ टक्के माणसांना हा अनुभव आयुष्यात एकदा तरी आलेला असतो. इतक्या सार्वत्रिक अनुभवाविषयी, विशेषतः निद्रेच्या गाढतेशी असलेल्या त्याच्या नात्याविषयी, परस्परविरुद्ध समजुती प्रचलित आहेत, आणि त्यांच्या पायी पुष्कळ लोक आपली चांगली चाललेली झोप बिघडवून घेतात, म्हणून त्यांचा परामर्श घेणे मला अगत्याचे वाटते.

सर्वांत रूढ समज असा, की झोप जितकी गाढ तितके स्वप्न सखोल, आणि म्हणून सजग स्वप्नाची इच्छा धरणाऱ्याने आधी कुंभकर्णी झोप साधावी. वस्तुस्थिती बहुतांशी याच्या उलट आहे. निद्रेची जी सर्वांत गाढ पायरी, जिच्यात मेंदूच्या विद्युतलेखावर सेकंदाला एकदोन अशा संथ आणि उंच लहरी उमटतात, ती मुख्यतः रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात एकवटलेली असते. दिवसभर खेळून दमलेले मूल जेवणाआधीच झोपी जाते, आई त्याला उचलून पाटावर बसवते, ते अर्धवट डोळे उघडून दोन घास गिळते, विचारल्या प्रश्नाला हुंकार देते, आणि सकाळी ‘मला जेवायला का उठवलं नाही’ म्हणून रडते. हे ज्याने पाहिले आहे त्याला या पायरीचे स्वरूप वेगळे सांगावे लागत नाही. ज्या अवस्थेतून उठवल्यावरसुद्धा आत्मभान नीट परतत नाही, तिच्यात निद्रिस्त असतानाच ते जागे राहावे ही अपेक्षा अवाजवी होय. गाढ झोपेत स्वप्न मुळीच पडत नाही असे नव्हे. पण पडले तर ते बहुधा विस्कळीत, तुटक असते.

सजग स्वप्नाचे खरे क्षेत्र निराळे आहे. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी दाखवून दिले, की निद्रेत ठरावीक काळाने पापण्यांखाली बुबुळे वेगाने हलू लागतात, आणि त्या वेळी जागे केलेली माणसे बहुधा स्वप्न सांगतात. या अवस्थेला रेम निद्रा म्हणतात. सुमारे नव्वद मिनिटांच्या फेऱ्याने ती पुनःपुन्हा येते. पहिल्या खेपेस काही मिनिटे टिकते, आणि पहाटेच्या सुमारास अर्ध्या तासाहूनही लांबते. सजग स्वप्नांचा बहुतेक सारा भरणा या उत्तररात्रीच्या रेम निद्रेत असतो.

येथे दुसरा गैरसमज उभा राहतो, आणि तो पहिल्यापेक्षा अधिक चिवट आहे. सजग स्वप्न गाढ निद्रेत येत नाही, तर ती मुळी झोपच नसावी, अर्धवट ग्लानीतली कल्पनाक्रीडा असावी, असा आक्षेप विद्वानांनीही दीर्घकाळ घेतला. त्याचा फैसला ज्या प्रयोगाने केला तो मला शास्त्राच्या इतिहासातील अत्यंत सुंदर प्रयोगांपैकी एक वाटतो. रेम निद्रेत हातापायांचे स्नायू जवळजवळ पूर्ण शिथिल असतात, पण बुबुळे हलतात. तेव्हा निद्रिस्त माणसाला बाहेरच्या जगाकडे काही कळवायचे असेल तर ते बुबुळांनीच कळवता येईल, हे इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी हेरले. १२ एप्रिल १९७५ रोजी ॲलन वर्स्ली या स्वप्नद्रष्ट्याने, स्वप्नात भान येताच, आधी ठरल्याबरहुकूम डोळे डावीकडून उजवीकडे अनेकवार फिरवले. यंत्राच्या कागदावर ती नियमित वळणे उमटली, आणि त्याच वेळी मेंदू आणि स्नायू यांची नोंद निर्विवाद रेम निद्रेची साक्ष देत होती. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच सिद्ध करून १९८१ साली प्रसिद्ध केले. पुढे २०२१ मध्ये चार देशांतील संशोधकांनी निद्रिस्तांना प्रत्यक्ष प्रश्न विचारले. स्वप्नात असलेल्या एका तरुणाला आठातून सहा वजा करण्यास सांगितले असता त्याने डोळ्यांच्या दोन फेऱ्यांनी बिनचूक उत्तर दिले. १५८ प्रयत्नांपैकी सुमारे १८ टक्के वेळाच बरोबर उत्तर आले, ही गोष्टही त्याच प्रामाणिकपणाने नमूद केली पाहिजे. परंतु एक उत्तर आले असते तरी ‘ही झोप नव्हे’ हा आक्षेप कोसळण्यास ते पुरेसे होते.

या साऱ्यातून निष्पन्न होते ते असे, की निद्रेची गाढता ही एकाच मापाने मोजण्याची वस्तू नव्हे. रेम निद्रेत शरीर गाढ निद्रेहूनही अधिक शिथिल असते आणि मेंदू जवळजवळ जागृतीइतका कार्यरत असतो. या विसंगतीमुळेच फ्रेंच शास्त्रज्ञ मिशेल जुव्हे यांनी तिला ‘विरोधाभासी निद्रा’ म्हटले. आपल्या मांडूक्य उपनिषदात स्वप्न आणि सुषुप्ती यांना एकाच निद्रेच्या उथळ-खोल पायऱ्या न मानता दोन स्वतंत्र अवस्था मानले आहे, याचे स्मरण येथे झाल्यावाचून राहत नाही. आणि पहाटेची स्वप्ने खरी ठरतात ही घरोघरची समजूत भविष्यकथन म्हणून टिकणारी नसली, तरी पहाटेच्या साखरझोपेतली स्वप्ने सर्वांत ठळक आणि लक्षात राहणारी असतात, एवढा भाग त्यात निरीक्षणाचा आहे.

तिसरी समजूत सर्वांत घातक : झोप कमी केली, वारंवार मोडली, म्हणजे ती हलकी होऊन सजग स्वप्ने पडू लागतील. उत्पन्नातून सरकारदेणे जसे आधी वळते होते, तसा रात्रीवर पहिला हक्क गाढ निद्रेचा असतो. जागरण झाले की पुढच्या रात्री मेंदू प्रथम तिचीच बाकी वसूल करतो, आणि कात्री लागते ती रेम निद्रेला. बाराला निजून पाचच्या गजराने उठणारा मनुष्य नेमका स्वप्नांचा प्रहरच गमावतो. निजण्यापूर्वीचे मद्यही रात्रीच्या पूर्वार्धातील रेम निद्रा दडपते. पाचएक तासांच्या झोपेनंतर थोडा वेळ उठून, स्वप्नात असल्याचे ओळखण्याचा संकल्प मनात घोळवीत पुन्हा निजण्याची जी पद्धत प्रयोगांत उपयुक्त ठरली आहे, तिचे यश झोप मोडण्यात नसून गाढ निद्रेचा वाटा तोवर चुकता झालेला असण्यात आहे. आणि तीसुद्धा ज्या दिवशी उशिरापर्यंत झोपता येईल त्याच दिवशी करण्याजोगी आहे. गॅलँटामाइन या औषधाने सजग स्वप्नांचे प्रमाण वाढल्याचे २०१८ च्या एका प्रयोगात दिसले खरे, पण ते स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना वैद्य देतात ते औषध आहे, आणि हौसेखातर ते घेऊ नये असेच माझे स्पष्ट मत आहे.

सजग स्वप्ने पुष्कळ पडणे हे चांगल्या झोपेचे लक्षणही नव्हे. नार्कोलेप्सी या विकारात मनुष्य डोळा लागल्यावर काही मिनिटांतच रेम निद्रेत शिरतो, आणि या रुग्णांना सजग स्वप्ने इतरांहून कितीतरी अधिक पडतात, असे अभ्यासांत आढळले आहे. त्यांपैकी काहींना भीतिदायक स्वप्नांत या भानाचा आधारही वाटतो; पण त्यांची रात्रीची झोप तुकड्यातुकड्यांची असते, आणि दिवसा, भर कामात, त्यांना झोप अनावर होते.